दहापैकी नऊची शाळा

अमेरिकेत घर शोधायला निघालेलं मराठी कुटुंब जाहिरातीतला ओटा, तळघर, गॅरेज सगळं बघतं, पण निकाल लावतो तो खालच्या कोपऱ्यातला आकडा. त्या पत्त्याला कोणती प्राथमिक शाळा, कोणती मिडल स्कूल आणि कोणतं हायस्कूल लागू आहे ते तिथं लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक नावाशेजारी एका वर्तुळात दहापैकी गुण. "घर छान आहे हो, पण हायस्कूल सहा दाखवतंय." "मग सोडून दे. हायवेच्या पलीकडे नऊ आहे, थोडे जास्त पडले तरी चालतील." एवढ्यावर विषय संपतो. सहाच्या शाळेत दोघांपैकी कोणीच पाऊल ठेवलेलं नसतं. नऊच्याही नाही.

या आकड्यावर एक अख्खा समज उभा आहे. चांगली शाळा म्हणजे जिथल्या मुलांना चांगले गुण पडतात ती. ती तशीच राहायला हवी असेल तर तिची हद्द सांभाळली पाहिजे. हद्द बदलून कमी उत्पन्नाच्या वस्तीतली मुलं आत आली की सरासरी उतरते, सरासरी उतरली की शिकवणं उतरतं, आणि भुर्दंड आपल्या मुलांना बसतो. एके काळी हा गोऱ्या उपनगरवासीयांचा समज मानला जायचा. आता चिनी, कोरियन, तेलुगू, गुजराती आणि मराठी पालकांनीही तो आपलासा केला आहे. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं राहून कोणी त्याला पुरावा मागितला, तर लोक त्याच्याकडे दयेनं बघतील. तरी पुरावा मागायला हवा, कारण या समजाच्या मुळाशी जो आकडा आहे, तो लोक समजतात ती गोष्ट मोजतच नाही.

आधी वाद कसा पेटतो ते पाहू. मेरीलँडमधली हॉवर्ड काउंटी बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या मधोमध आहे आणि देशातल्या सर्वांत श्रीमंत काउंट्यांपैकी एक आहे. तिच्या मध्यावरचं कोलंबिया हे गाव जेम्स राउझ या बांधकाम व्यावसायिकानं १९६७ पासून मुद्दाम असं वसवलं की सर्व वंशांची आणि निरनिराळ्या उत्पन्नांची माणसं शेजारी शेजारी राहावीत. पन्नासएक वर्षांनी चित्र असं होतं की शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण घेणाऱ्या मुलांचं प्रमाण, म्हणजे गरिबी मोजायचं अमेरिकन माप, काही हायस्कुलांत पाच टक्क्यांच्या आसपास, तर काहींत चाळीसच्या वर. काही शाळा खच्चून भरलेल्या, मुलं पोर्टेबल वर्गांत, आणि काही शाळांत बाकं रिकामी. ऑगस्ट २०१९ मध्ये सुपरिंटेंडंट मायकल मार्टिरानो यांनी सात हजारांहून अधिक मुलांच्या शाळा बदलण्याचा प्रस्ताव मांडला. एक हेतू गर्दी कमी करण्याचा होता, दुसरा गरिबी काही मोजक्या शाळांत साचू न देण्याचा. मग जे व्हायचं ते झालं. मोर्चे निघाले, फलक रंगले, आणि सुनावण्यांना बोलणाऱ्यांच्या रांगा लागल्या. त्यात आशियाई पालक मोठ्या संख्येनं होते. नोव्हेंबरमध्ये शाळा मंडळानं सुमारे ५,४०० मुलांचा फेरबदल मंजूर केला.

हे होऊ शकलं, कारण मेरीलँडमध्ये पूर्ण काउंटीचा मिळून एकच स्कूल डिस्ट्रिक्ट असतो. सबंध राज्यात फक्त २४. त्यामुळे काउंटीतल्या काउंटीत रेघ इकडची तिकडे करता येते. मराठी माणसांचा मोठा गोतावळा असलेल्या न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. तिथं गावाची वेस हीच शाळेची हद्द, आणि वेशीपलीकडच्या मुलाला आत घ्यायचा प्रश्नच सहसा येत नाही. या व्यवस्थेवर १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं मिलिकन विरुद्ध ब्रॅडली या डेट्रॉइटच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी शिक्कामोर्तब केलं. उपनगरांचा स्वतःचा दोष सिद्ध झाल्याखेरीज शहरातल्या शाळांचं विभाजन मोडण्यासाठी त्यांना ओढता येणार नाही, असा तो निकाल. शाळांतलं वंशभेदी विभाजन बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालानं जे दार उघडलं, ते वीस वर्षांनी डिस्ट्रिक्टच्या वेशीवर येऊन थांबलं. न्यू जर्सीत हद्दीवरून आरडाओरडा कमी ऐकू येतो याचं कारण तिथले पालक उदार आहेत हे नव्हे. त्यांची हद्द कायद्यानेच पक्की करून दिली आहे.

आता आकडा. दहापैकी नऊ कशाचे? बहुतांश चाचणीतल्या गुणांचे. आणि चाचणीतले गुण कशाचे, हा प्रश्न १९६६ पासून अभ्यासला जातोय. त्या वर्षी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीचा सरकारी अहवाल दिला. मुलाच्या गुणांमधला फरक शाळेच्या इमारतीनं, ग्रंथालयानं किंवा खर्चानं जेवढा उलगडतो, त्याहून कितीतरी जास्त तो घरानं उलगडतो, असा त्याचा सार. त्यानंतर वाद पुष्कळ झाले, पण हा मुद्दा कोणी खोडला नाही. आईवडील दोघं पदवीधर, घरात पुस्तकं, संध्याकाळी अभ्यासाला बसवणारं कोणीतरी, शनिवारी कुमॉनची शिकवणी. अशी मुलं ज्या इमारतीत गोळा होतील तिची सरासरी उंचच असणार. तालमीत तयार मल्लच भरती केले तर तालमीचं नाव होतं. वस्तादाची पारख मात्र नवख्या पोरावर होते.

वस्तादाची पारख करायची सोयही आता झाली आहे. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या अकरा हजारांवर डिस्ट्रिक्टांतल्या तिसरी ते आठवीच्या चाचण्या एकत्र करून दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या. एक, मुलांचे सरासरी गुण. दोन, तिसरीपासून आठवीपर्यंत ती किती पुढे गेली. पहिली गोष्ट वस्तीच्या श्रीमंतीशी घट्ट बांधलेली निघाली. दुसरीचा श्रीमंतीशी संबंध अगदीच ढिला. गरीब डिस्ट्रिक्टांत झपाट्यानं शिकवणारे निघाले आणि श्रीमंतांत रेंगाळणारेही. सर्वांत बोलका निघाला शिकागो, ज्याचं नाव काढताच आपल्याकडचे लोक मान हलवतात. २००९ ते २०१४ या काळात तिथल्या मुलांनी पाच वर्षांत सरासरी सहा इयत्तांची मजल मारली. तिसरीत ती मागे होती आणि आठवीतही देशाच्या सरासरीच्या थोडी मागेच असतील, म्हणजे रेटिंगच्या भाषेत 'वाईट'. शिकवणं मात्र देशातल्या उत्तम शिकवण्यांत मोडणारं. रेटिंग देणाऱ्या ग्रेटस्कूल्स या संस्थेनंही २०१७ पासून आपलं सूत्र बदलून मुलांच्या प्रगतीला जागा द्यायला सुरुवात केली. आकडा बनवणाऱ्यांनाच तो पुरेसा वाटेना, आणि आपण त्यावर तीस वर्षांचं कर्ज काढतो!

पण समजाचा गाभा वेगळाच आहे, आणि तो टाळून चालणार नाही. "ठीक आहे, आकडा घरांचा आहे. पण बाहेरची मुलं आली तर माझ्या मुलाचं काय?" याचं नेमकं उत्तर बॉस्टनमध्ये मिळालं. तिथं १९६६ पासून मेटको नावाची योजना आहे. शहरातली, बहुतेक कृष्णवर्णीय मुलं बसनं संपन्न उपनगरांच्या शाळांत जातात. त्यांपैकी ब्रुकलाइन या उपनगराचे गुण जोशुआ अँग्रिस्ट आणि केव्हिन लँग या अर्थशास्त्रज्ञांनी तपासले आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले. मेटकोची मुलं ज्या वर्गांत जास्त होती, त्या वर्गांची सरासरी खाली आली होती. खरंच आली होती. पण ब्रुकलाइनच्या मुलांचे गुण वेगळे काढून पाहिले तर ते एकंदरीत होते तिथंच होते. काही थोड्या मुलांच्या गटात जो परिणाम दिसला, तो लहान आणि अल्पजीवी. म्हणजे सरासरी घसरली आणि जवळपास कोणाचंच काही घसरलं नाही. बेरीज-भागाकार येणाऱ्या कुणालाही हे कळायला हवं: कमी गुणांची मुलं समूहात मिळवली की सरासरी उतरणारच, त्यासाठी आधीच्या एकाही मुलाचा एक गुण कमी व्हावा लागत नाही. संकेतस्थळावर मात्र नऊचे आठ होतात आणि हद्दीत घबराट पसरते.

उलट बाजूनंही तेच दिसतं. बॉस्टन लॅटिन, न्यूयॉर्कचं स्टायव्हसंट, अशा प्रवेशपरीक्षेच्या शाळांत थोडक्यात बसलेली आणि थोडक्यात हुकलेली मुलं यांची तुलना अँग्रिस्ट यांच्यासह तिघा संशोधकांनी केली. एक गुण इकडे, एक गुण तिकडे, म्हणजे जवळपास सारखीच मुलं. आत गेलेल्यांना एकदम हुशार सोबती मिळाले, बाहेर राहिलेल्यांना नाही. पुढच्या चाचण्यांत दोघांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शोधनिबंधाला त्यांनी नाव दिलं ते उच्चभ्रू शाळांच्या भ्रमाचं.

पूर्वपक्षाचा सर्वांत मजबूत पुरावा यानंतर मांडतो, कारण बरेच सुधारणावादी तो लपवतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये १९७१ च्या न्यायालयीन निकालानंतर तीसएक वर्षं मुलांना बसनं इकडून तिकडे नेऊन शाळा मिश्र ठेवल्या होत्या. २००२ मध्ये ते थांबलं आणि हद्दी वस्तीप्रमाणे नव्यानं आखल्या गेल्या. शाळा पुन्हा वेगवेगळ्या झाल्या. बिलिंग्ज, डेमिंग आणि रॉकॉफ यांनी रेघेच्या दोन्ही बाजूंची मुलं पाहिली. ज्या शाळांत अल्पसंख्याकांचं प्रमाण वाढलं, तिथं गेलेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अशा दोन्ही मुलांचे हायस्कूलचे गुण कमी आले. अल्पसंख्याक मुलग्यांमध्ये गुन्ह्यांचं प्रमाणही वाढलं. "बघा, आम्ही म्हणत होतो तेच!" असं इथं कोणी म्हणेल. पण शार्लटमध्ये जे मोजलं गेलं तो मिश्रणाचा परिणाम नव्हता, मिश्रण मोडल्याचा होता. अडचणीतली मुलं एका इमारतीत साचवली की तिथं असलेल्या प्रत्येकाचं नुकसान होतं, हे त्यातून सिद्ध होतं. गरीब मुलं पाच टक्के असलेल्या शाळेत ती दहा-बारा टक्के झाली तर काय होतं, हा प्रश्नच निराळा, आणि हॉवर्डसारख्या वादात प्रश्न तोच असतो. तरीही या अभ्यासातून एक गोष्ट मान्य करावी लागते: शाळेतल्या सोबत्यांचा काहीच परिणाम होत नाही, असं म्हणणं खोटं आहे. होतो. म्हणूनच एका शाळेत चाळीस टक्के आणि दुसरीत पाच, ही वाटणी कुणाच्या तरी मुलांवर अन्याय करून झालेली असते.

त्या 'कुणाच्या तरी' मुलांचं काय होतं, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा हॉवर्डच्या शेजारच्याच माँटगोमेरी काउंटीत आहे. तिथं १९७० च्या दशकापासून असा नियम आहे की मोठ्या गृहप्रकल्पांत ठरावीक वाटा परवडणाऱ्या घरांचा ठेवायचा. त्यातली काही घरं काउंटीचं गृहनिर्माण खातं घेतं आणि गरीब कुटुंबांना सोडतीसारख्या पद्धतीनं देतं. त्यामुळे कोणाचं मूल कोणत्या शाळेत जाईल हे बहुतांशी नशिबावर ठरलं. हेदर श्वार्ट्झ यांनी २००१ ते २००७ या काळात अशी सुमारे ८५० मुलं पाहिली. त्याच काळात काउंटी गरीब वस्तीतल्या शाळांवर दर मुलामागे सुमारे दोन हजार डॉलर जास्त खर्च करत होती: लहान वर्ग, अधिक प्रशिक्षित शिक्षक, पूर्ण दिवसाचा बालवर्ग. दोन उपायांची शर्यतच लागली म्हणा. एकीकडे जास्त पैसा, दुसरीकडे संपन्न सोबती. प्राथमिक शाळा संपेपर्यंत कमी गरिबीच्या शाळांत गेलेली मुलं पुढे निघून गेली. गणितात सुस्थितीतल्या मुलांशी असलेली त्यांची दरी निम्म्यानं बुजली. इथं कमी गरिबीची शाळा म्हणजे जिथं गरीब मुलं विसेक टक्क्यांपर्यंत असतात ती. शंभरात वीस मुलं. यानं कोणत्या हायस्कुलाचं वाटोळं झालं, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

आपल्या लोकांचा खास एक युक्तिवाद आहे, आणि तो मला अनेकदा ऐकवला गेला आहे: "विविधता, विविधता काय करता? आम्हीच विविधता आहोत." गर्दीच्या सुनावणीत हे वाक्य टाळ्या घेतं. पण वाद कातडीच्या रंगाचा नाही, उत्पन्नाचा आहे. संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग यांनी अमेरिकेतल्या भारतीयांवर एक अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला आहे. ते म्हणतात, हा समाज तीनदा गाळून आलेला आहे. एकदा भारतातल्या जातीच्या आणि वर्गाच्या उतरंडीतून, दुसऱ्यांदा प्रवेशपरीक्षांतून, तिसऱ्यांदा व्हिसाच्या नियमांतून. कोथरूड, डोंबिवली किंवा नाशिकमधून फ्रीमाँटला पोहोचलेल्या इंजिनिअरच्या मुलाला गणितात चांगले गुण पडतात, यात शाळेचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा या गाळण्यांचा आहे. शिवाय हेही विसरू नये की आपल्याला इथं येऊ देणारा १९६५ चा इमिग्रेशन कायदा ज्या काळात झाला, त्याच काळात कृष्णवर्णीय लोक शाळांच्या दारासाठी रस्त्यावर उतरले होते. ते वातावरण नसतं तर तो कायदा झाला असता का, शंकाच आहे. त्या माणसांच्या नातवंडांना हद्दीबाहेर ठेवण्यासाठी आपण फलक रंगवावेत, हे मला बघवत नाही.

राहिला पैशाचा मुद्दा. "या शाळेसाठी आम्ही जास्त पैसे मोजले." खरं आहे. सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांत हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं तोलून पाहिली. शाळेचे गुण पाच टक्क्यांनी जास्त असले की घराला सुमारे अडीच टक्के जास्त किंमत मिळते, असं निघालं. पण ती किंमत विकणाऱ्यानं घेतली. शाळा मंडळानं तिचा एक छदामही घेतलेला नाही आणि हद्द बदलणार नाही असं वचनही दिलेलं नाही. मेरीलँडमध्ये मालमत्ताकर भरतो तो साऱ्या काउंटीच्या तिजोरीत, एका हायस्कुलाच्या नव्हे. घराच्या किमतीची काळजी असणं गुन्हा नाही, फक्त तिला शिक्षणाची काळजी म्हणू नये.

एका तक्रारीपुढे मात्र मी हात टेकतो. पाचवीतल्या मुलाचे मित्र तुटतात, चालत जायची शाळा जाऊन पाऊण तासाची बस नशिबी येते, शाळेच्या बँडमधली त्याची जागा जाते. ही झळ खरी आहे, आणि मंडळानं तिची किंमत हिशेबात धरलीच पाहिजे. शेवटच्या वर्षातल्या मुलांना हलवू नये, भावंडांना एकत्र ठेवावं, बदल टप्प्यानं करावा. हे रास्त मागणं आहे. (शनिवारी ऑलिम्पियाडच्या क्लासला चाळीस मिनिटं गाडी हाकणाऱ्या पालकांनी अंतराचा मुद्दा जरा जपून मांडावा, इतकंच.)

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटत असेल, तर २०२४ आठवावं. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला हे बंधन नाही. म्हणजे आपल्याकडेही एक रेघच आखली गेली. शहरांत अशी सरकारी शाळा एक किलोमीटरमध्ये नसते कुठे? जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे युक्तिवाद मेरीलँडच्या सुनावणीतून भाषांतर केल्यासारखे होते. 'दर्जा घसरेल', 'आमच्या मुलांची भाषा बिघडेल', 'फी आम्ही भरतो'. यालाही पुरावा आहे. दिल्लीत २००७ पासून खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या. गौतम राव यांनी तिथली श्रीमंत मुलं तपासली. हिंदी आणि गणितात त्यांचे गुण बदलले नव्हते. इंग्रजीत थोडी घट दिसली, आणि राव यांनी ती लपवली नाही. त्याच मुलांचं दुसऱ्याला मदत करण्याचं प्रमाण मात्र वाढलं होतं आणि गरीब मुलांना टाळण्याची वृत्ती कमी झाली होती. इंग्रजीतल्या त्या थोडक्या घटीपुढे हे जड की हलकं, ते ज्यानं त्यानं आपल्या घरी ठरवावं. मी तरी आनंदानं घट सोसेन.

पुढच्या सुनावणीला जाल तेव्हा मंडळाकडे सरासरी मागू नका. तिसरीत आलेली मुलं आठवीपर्यंत कुठं पोहोचतात, ते उत्पन्नगटाप्रमाणे वेगळं करून मागा. रेघेच्या दोन्ही बाजूंच्या शाळांचं मागा. आणि त्याआधी एक सकाळ काढून त्या सहाच्या शाळेत जाऊन या. मुख्याध्यापकांना फोन केला की बहुतेक ठिकाणी ते आनंदानं दाखवतात.